लासूरच्या चिंध्या

सत्यमचं लग्न बिनबोभाट पार पडावं, एवढंच वच्छलाबाईचं मागणं होतं. आता जिथं मनकर्णाबाई हजर तिथं बिनबोभाट काय पार पडणार, हे एवढ्या वर्षांच्या संसारात तिला कळायला पाहिजे होतं. पण आईचा जीव, आशा धरून बसला.

मनकर्णाबाई म्हणजे वच्छलाबाईची थोरली नणंद. भावाच्या, म्हणजे पुंजारामच्या, घरात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. साखरपुड्याच्या दिवशीच त्या मुलीकडच्यांच्या सोफ्यावर ऐसपैस बसल्या, पोहे संपवले आणि ताटली खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "रुखवत तेवढं पोरीच्या हातचं पाहिजे बरं का. आजकाल भाड्यानं आणतेत, मांडतेत, अन् अक्षता पडल्या की टेम्पोत भरून परत. आमच्या भावकीत तसलं खपत नाय. भाड्याचं दिसलं तर आमची एक बाई तिथं उभी राहणार नाय."

मुलगी म्हणजे श्रेया. वडलांचं मूळ गाव दौलताबाद, पण वाढली सगळी शहरात, उस्मानपुऱ्यात. वाळूजच्या एका कंपनीत मशीनचे आराखडे काढायची. सत्यम त्याच कंपनीत, तिथंच दोघांची ओळख झालेली. स्वतः गाडी चालवत लासूर स्टेशनला येऊन सासर बघून गेलेली धीट पोरगी. तर तिनं काय करायचं? दिवसभर नोकरी करायची आणि घरी येऊन कापसाचे ससे करायचे. आणि नवरदेवानं काय करायचं? दाढी करायची. असला हा न्याय. श्रेया काहीतरी बोलणारच होती, तेवढ्यात तिची आई निशाताई घाईघाईनं म्हणाल्या, "हो हो, श्रेयाच करणार सगळं." श्रेयाचं तोंड असं उतरलं की वच्छलाबाईलाच वाईट वाटलं. सत्यम मात्र शेजारी बसून गालातल्या गालात हसत होता, आणि त्याचं त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही.

वच्छलाबाई शिवणकाम करायची. लासूरला घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि गावातल्या निम्म्या बायकांची ब्लाऊजं तिच्या हातची. कापड बेतलं की उरलेले तुकडे मशीनखालच्या गोणीत जायचे. साखरपुड्यानंतर सत्यम सुट्टीच्या दिवशी शहरातून यायला लागला आणि जाताना गोणी घेऊन जायला लागला. "कंपनीत मशीन पुसायला लागतेत," म्हणाला. तिला खरंच वाटलं. कामाच्या होत असतील तर ने बाबा, म्हणाली.

खरं तर तिला शंका यायला हवी होती. कारण ह्याच पोराचं लहानपण त्या गोणीच्या शेजारी गेलं होतं. शाळेतून आला की मशीनखाली पाय पसरून बसायचा. वच्छलाबाई चुलीवर मैद्याची खळ शिजवून द्यायची, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, आणि पोरगं जुन्या लग्नपत्रिकेवर चिंधी चिकटवून बसल्या बैठकीला पोपट उभा करायचं. चिंधीची कड उघडी ठेवायची नाही, गोलाईला बारीक बारीक काप द्यायचे आणि एकेक पाकळी आत दुमडायची, हे तिनंच शिकवलेलं. मोठ्या बायकांना जमत नाही इतकं नीटस ते पोर करायचं. मग एका संध्याकाळी बाजारात कुणीतरी पुंजारामची टर उडवली, पोरगं शिवणटिपण करतंय म्हणून. पुंजाराम तणतणत घरी आला आणि पोपट, बैल, तोरण, सगळं चुलीत घातलं. "माझ्या घरी पोरगा जन्मलाय का पोरगी," म्हणाला. वच्छलाबाई त्या दिवशी नवऱ्याशी कडाकडा भांडली, मशीनवर झाकण घालून बसली, पण उपयोग काय? पोरानं स्वतःच परत कातरीला हात लावला नाही. मान खाली घालून अभ्यासाला बसायला लागला. सगळे म्हणाले, चांगलं झालं, वळणावर आला. वच्छलाबाईला मात्र त्या खाली घातलेल्या मानेचा राग आजपर्यंत गिळता आलेला नव्हता.

लग्न उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात होतं, मुहूर्त दुपारचा. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेलं, मागं वाजंत्री गेली, बाप्ये गेले. कार्यालयात उरल्या त्या बायका, आणि रिकाम्या वेळात बायकांनी करायचं काम एकच, रुखवत बघायचं. मनकर्णाबाई पुढं, लासूरचा सगळा घोळका मागं. वच्छलाबाई वरमाय असूनही सगळ्यात शेवटी राहिली.

दारातून आत आलं की उजव्या हाताला लांबलचक टेबल मांडलं होतं. मधोमध दौलताबादचा किल्ला, पुठ्ठ्याचा, वरून मातकट कापड चढवलेला, तटाच्या भिंती एकीत एक. पायथ्याला हिरवं शेत, शेतात बैलगाडी, बैलांच्या पाठीवर झुली. किल्ल्याच्या वर आडव्या दोरीला पोपटांचं तोरण. आणि पुढं पाटी, 'चि. सौ. कां. श्रेया हिची कलाकुसर'.

"बया, काय हात हाय पोरीचा," लासूरची एक म्हातारी म्हणाली. निशाताई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी नुसतं हसून मान हलवली.

वच्छलाबाईनं पहिला पोपट पाहिला आणि ती जागेवरच उभी राहिली. गोलाईला बारीक काप, एकेक पाकळी आत दुमडलेली, कड कुठंही उघडी नाही. तिनं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. हे श्रेयाचं काम नव्हतं. पोराचा हात गेला नव्हता तर. उलट आणखी तयार झाला होता. तिला इतका आनंद झाला की तिथंच बसून रडावंसं वाटलं, आणि लगेच तिनं घाबरून घोळक्याकडं बघितलं, कारण त्या रुखवतात लासूरच्या सगळ्या बायका अंगावरच्या कापडासकट हजर होत्या. किल्ल्याच्या दरवाज्याला सरपंचीणबाईचं लाल जरीकाठी. शेताला शाळेतल्या बाईंचं पोपटी. सत्यमनं दहा वेळा विचार करून रंग निवडले असतील, पण हे कापड कुणाच्या ना कुणाच्या अंगावर बसलेलं आहे, हे त्याच्या बाप्यामाणसाच्या डोक्यात आलंच नाही.

बघा गं बाई पटापट आणि जा पुढं, असं ती मनात म्हणत होती. पण मनकर्णाबाईंनी चष्मा नाकावर सारला, एका पोपटापाशी तोंड नेलं आणि हात घालून तो तोरणातून ओढूनच काढला. पंख निम्मा उचकटला.

"हे माझंय," त्या म्हणाल्या.

पंख जांभळा होता, त्यावर सोनेरी कोयऱ्या.

"नातीच्या बारशाला हे ब्लाऊज वच्छलेकडं शिवायला टाकलं होतं मी. बाही तोकडी करून दिली हिनं. म्हणती, वन्सं, कापड कमी पडलं. मला कमी पडलं, व्हय? अन् पोपटाला पुरलं?"

झालं. घोळका टेबलावर वाकला. हे माझ्या हिरव्या साडीवरचं, ही झूल आमच्या सूनबाईची, हे तर मी पंचमीला नेसले होते त्याच्यावरचं. आधी हसतच चाललं होतं, मग हसू कमी झालं आणि बायका वच्छलाबाईकडं बघायला लागल्या. शिवणारी बाई कापड मारते, ही शंका प्रत्येकीच्या मनात असतेच, आज तिला पुरावा मिळाला होता.

वच्छलाबाई पुढं आली. "वन्सं, तो तुकडा मुंढ्यातून निघतो, बगलेखालचा. वाकडा असतो. त्याची बाही होत नसती. अन् कापड कमी नव्हतं पडलं, तुमचे दंड भरले होते. तेव्हा तोंडावर म्हणाले नाय, आज म्हणते."

दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मनकर्णाबाईंचा पारा त्यानं आणखी चढला.

"दंडाचं राहू दे. लासूरच्या चिंध्या उस्मानपुऱ्यात आल्या कशा, ते सांग आधी. म्हणजे पोरीनं हात सुद्धा लावला नाय. तू करून पाठवलंस. वरमाय उठून मुलीकडचं रुखवत करती, असला दस्तूर कुणी बघितलाय का? अन् वर पाटी पोरीच्या नावाची. पुंजारामाला बोलवा, त्याला दिसू दे बायकोनं काय इज्जत ठेवलीय."

पुंजाराम मारुतीहून नुकताच पुढं आला होता. फेट्याचा तुरा सावरत आत शिरला, बहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोकडं वळला. लग्नघरात आवाज चढवायचा नाही एवढं भान होतं त्याला.

"तू केलंस का हे?"

निशाताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या वच्छलाबाईच्या कानाशी लागल्या. "विहीणबाई, हो म्हणून टाका ना. मदत केली म्हणा श्रेयाला. लगेच मिटेल."

आणि खरंच मिटलं असतं. हो म्हटलं की नणंद दोन वर्षं टोमणे मारणार, गावातल्या चार जणी ब्लाऊज दुसरीकडं टाकणार, त्याच्यापलीकडं काही होणार नव्हतं. पण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न यायचा, मग कुणी? आणि त्याचं उत्तर सगळ्या भावकीसमोर, मुंडावळ्या बांधलेल्या पोराच्या कपाळी बसायचं. ज्या टवाळीपायी त्यानं कातर टाकली, तीच टवाळी लग्नाच्या मांडवात. नको. वच्छलाबाईनं हो म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात वाजंत्री दारात येऊन थांबली आणि सत्यम आत आला. अंगात शेरवानी, कपाळाला मुंडावळ्या. त्यानं टेबल बघितलं, आत्याच्या हातातला मोडका पोपट बघितला, बाप बघितला. एका क्षणात सगळं उमगलं त्याला. आणि त्यानं मान खाली घातली.

वच्छलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का म्हणून? कुणाचं काय वाकडं केलंय ह्यानं? दारू पीत नाही, कुणाला फसवत नाही, एवढा कमावता देखणा पोरगा, आणि स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या हातच्या किल्ल्यापुढं, चोरासारखा उभा राहणार? उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं. हो हा शब्द तिच्या तोंडून आता निघणार नव्हता.

"मी नाही केलं," मागून आवाज आला.

श्रेया आतल्या खोलीतून बाहेर आली होती. हातात हिरवा चुडा, केसांत गजरा अर्धाच माळलेला, माळणारी पोरगी पिना घेऊन मागं धावत आलेली. "मला सुईत दोरा ओवता येत नाही. आणि मला त्याची लाजही वाटत नाही. आई, साखरपुड्याला मी सांगणारच होते, तूच हो म्हणून बसलीस. ती पाटी पण तुझीच. सासूबाईंनी काही केलेलं नाही, त्यांना तर माहीतच नव्हतं. ज्यानं केलं त्यानं सांगायचं असेल तर सांगेल. त्याचं नाव मी घेणार नाही."

ती सत्यमकडं बघत होती. आता सगळीच बघायला लागली, पण बघूनही कुणाच्या डोक्यात येईना. नवरदेवाचा आणि चिंध्यांचा संबंध लावायचा कसा?

वच्छलाबाईनं मनकर्णाबाईंच्या हातातला पोपट काढून घेतला, विचारलं सुद्धा नाही. सत्यमपाशी गेली आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मोडलाय. जोड."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. अन् इथंच."

"सत्यम," पुंजाराम म्हणाला. नुसतं नाव घेतलं, पण त्या एका शब्दात काय होतं ते मायलेकांना पुरतं ठाऊक होतं. सत्यमनं बापाकडं बघितलं. वच्छलाबाईला वाटलं, गेला, परत गेला पोरगा.

सत्यमनं पायातल्या मोजड्या काढल्या. शेरवानी गुडघ्यावर ओढून घेतली आणि टेबलापुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसला.

"श्रेया, टेबलाखाली डबा हाय बघ, फेविकॉल अन् कातर त्याच्यातच हाय."

श्रेयानं वाकून डबा काढून दिला. आता मात्र बायकांना कळलं. घोळक्यातून एक लांब हुंकार निघाला.

"आत्या, सगळं मी केलंय," सत्यम मान वर न करता म्हणाला, पण ह्या वेळी मान खाली होती ती कामासाठी. "किल्ला, गाडी, तोरण, सगळं. चिंध्या मी आईला खोटं सांगून नेल्या, तिला बोलू नका. लाज मला वाटती ती तेवढ्याचीच. मशीन पुसायला नेतो म्हणालो. खरं सांगायची हिंमत नव्हती."

त्यानं उचकटलेला पंख हलक्या हातानं सोडवला. मागचा पुठ्ठा दुमडून फाटला होता, म्हणून स्वतःच्याच लग्नाची एक पत्रिका मागून घेतली, तिच्या पाठीवर पंख ठेवून अंगठ्यानं रेघ ओढली आणि कापली. फेविकॉल बोटानं सारखा पसरला, कुठं गोळा राहू दिला नाही. जांभळं कापड त्यावर बसवलं, कडेला कातरीचं टोक टेकवत बारीक बारीक काप दिले आणि एकेक पाकळी आत वळवत गेला. शेरवानीच्या बाहीवरची जर कागदाला घासत होती. हात मात्र कुठं अडला नाही. बायका पुढं सरकत होत्या. ज्या म्हातारीनं मघाशी पोरीच्या हाताचं कौतुक केलं होतं तिनं तर खालीच बैठक मारली.

दारापाशी बाप्यांची गर्दी झाली होती. तिथून पुंजारामचा एक चुलतभाऊ हसत म्हणाला, "नवरदेवा, बांगड्या भरायच्या तेवढ्या राहिल्यात का?"

"राहिल्यात, काका," सत्यम म्हणाला. "फुटक्या असल्या तरी आणा. त्याचं पण काहीतरी करून दाखवतो."

हशा पिकला आणि तो काकाच्या अंगावर गेला. वच्छलाबाईला आता कुणी अडवणार नव्हतं.

"अन् शिकवलं मी," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "माझ्या मशीनखाली बसून शिकलाय. ज्याला नावं ठेवायचीत त्यानं मला ठेवावीत, तोंडावर ठेवावीत, अन् जेवून जावं. वन्सं, रुखवत हातचं पाहिजे म्हणाला होतात. हातचं हाय. कुणाच्या हातचं ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"पोरीच्या हातचं म्हणाले होते मी," मनकर्णाबाई पुटपुटल्या, पण त्यांची नजर पंखावरून हलत नव्हती. "कोयरी उलटी बसवतोय तो. देठ वर आला पाहिजे."

"आत्या, पंख मिटला की सुलटी होती," सत्यम म्हणाला.

त्यांनी वाकून बघितलं आणि तोरणाकडं वळल्या.

"नवरदेवाला आणा, घटिका भरली," स्टेजवरून गुरुजींचा माईक खरखरला. निशाताईंनी श्रेयाला जवळजवळ ढकलतच आत नेलं. जाता जाता श्रेयानं हात लांब करून ती पाटी टेबलावर पालथी घातली.

"चल, उठ आता," पुंजाराम म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "झाला एवढा तमाशा बास झाला."

सत्यमनं पंख पोपटाच्या अंगाला लावला होता आणि दोन बोटांत दाबून धरला होता. "आबा, सोडला तर निघून येईल. वाळेपर्यंत धरावा लागतो."

"टाक तिथंच."

"नाय टाकणार," वच्छलाबाई म्हणाली.

तिनं लेकाच्या बोटांखाली आपली बोटं सरकवली, पोपट जसाच्या तसा दाबलेला उचलला आणि नवऱ्यापुढं धरला.

"धरा."

"मी?"

"तुम्ही. बाप हाय ना? तुम्ही धरलं तर तो उठल. नाय तर मी पण त्याच्याजवळ बसते, अन् गुरुजींना सांगा वाट बघा म्हणून. एकदा माझ्या देखत झालं ते झालं. आज होऊ देणार नाय."

माईक नुसताच खरखरत होता. पुंजारामनं बहिणीकडं बघितलं, तर मनकर्णाबाई तोरणाची दोरी सारखी करण्यात गुंतल्या होत्या. त्यानं दारातल्या भावकीकडं बघितलं, तर ती सगळी पोपटाकडं बघत होती. सत्यम खाली बसून वर बघत होता, सरळ बापाच्या डोळ्यांत. मान खाली घातली नाही त्यानं.

पुंजारामनं हात पुढं केला.

"तसा नाय," वच्छलाबाई म्हणाली. "अंगठा पंखावर. दाबून. हां."

सत्यम उठला, मोजड्यांत पाय घातले आणि स्टेजकडं गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. गर्दीतून अक्षता उडायला लागल्या. वच्छलाबाईनं मान वळवून नवऱ्याला शोधलं. पुंजाराम व्याह्यांच्या शेजारी उभा होता आणि उजव्या हातानं अक्षता टाकत होता. डावा हात त्यानं छातीशी धरला होता, मुठीत पोपट, अंगठा पंखावर. शेवटचं सावधान झालं, टाळ्या वाजल्या, आणि व्याह्यांनी आनंदानं पुंजारामला मिठी मारायला दोन्ही हात पसरले.

पुंजाराम एक पाऊल मागं सरला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "अजून ओलं हाय."